खांबाला वळसा

उड्डाणपूल पाडला तेव्हा चष्मेवाल्या वहिनींना हायसं वाटलं. त्यांचं दुकान इतकी वर्षं त्या पुलाच्या पोटाखाली होतं. भर दुपारी दिवे लावावे लागत, आणि गाडी लावायला जागा नाही म्हणून गिऱ्हाईक परस्पर दुसरीकडे जाई. पेठेने मान टाकली होती. आता पुलाच्या जागी ट्रामचे रूळ आले, गाड्यांना बंदी झाली, रस्ताभर फरशी बसली. माणसं ट्राममधून उतरून रमतगमत हिंडू लागली. वहिनींच्या दुकानात खुर्च्या पुरेनात.

मग काचेआडून त्यांच्या एक गोष्ट लक्षात आली. दुकानासमोर पुलाचा खांब होता, तेवढ्या जागेत कुणी पाय ठेवत नव्हतं. मोकळी फरशी, तरी माणसं तिथवर येत आणि वळसा घालून जात. जोडपी हात सोडत, दोन बाजूंनी जात, पलीकडे पुन्हा हात धरत. ज्यांनी तो खांब कधी पाहिलाही नव्हता, ती परगावची माणसंसुद्धा!

सासूबाईंची दृष्टी कधीच गेली होती. घर मागच्याच गल्लीत, त्यामुळे काठी टेकत एकट्या दुकानात येत. खांबापाशी दम खायची त्यांची जुनी सवय. एके सकाळी त्या तिथे थांबल्या, हात पुढे केला आणि सगळा भार टाकून टेकल्या. हवेवर.

वहिनी धावल्या. "आई, पडाल!"

"पडेन कशी? खांबाला धरलंय की."

"खांब पाडला हो. पूलच गेला."

"मग वर गाड्या कशाच्या चालल्यात? लाव हात."

वहिनींनी हात लावला. तळव्याला गार, खरबरीत असं काही लागलं आणि गाड्यांची घरघर दंडापर्यंत चढली. वर पाहिलं, तर लख्ख आभाळ. त्यांनी हात झटकन मागे घेतला. सांगायचं तरी कुणाला? लोक म्हणाले असते, चष्मेवालीलाच चष्मा लागला.

त्यानंतर सासूबाई रोज टेकत, आणि रोज त्यांचा चेहरा थोडा उतरलेला असे. "खचतोय गं," त्या म्हणत. "आतून कुरकुरतोय."

एका सुट्टीच्या दिवशी त्या घराबाहेर पडल्याच नाहीत. "आज तिथे कुणाला जाऊ देऊ नकोस, सूनबाई."

वहिनींनी दुकानातल्या खुर्च्या काढून त्या जागेभोवती मांडल्या, त्यांना दोरी बांधली. पेठ माणसांनी फुलली होती. शेजारचा चपलावाला ओरडला, "वहिनी, रस्ता माहेरून आणलात का?" पिवळ्या शर्टातला एक तरुण दोरी उचलून सरळ आत शिरला आणि फोनवर बोलत उभा राहिला. आजवर तिथे उभा राहिलेला तो पहिलाच.

"अहो, बाहेर या!" वहिनी म्हणाल्या. त्याने हातानेच गप्प केलं.

आवाज काहीच झाला नाही. पण अख्ख्या पेठेने एकाच वेळी खांद्यांत मान घातली. माणसं जागच्या जागी खाली बसली, ट्रामवाल्याने करकचून ब्रेक मारला. मग सगळे ओशाळून हसले, उठले आणि चालू लागले. या वेळी सरळ, खुर्च्यांमधून, दोरी ओलांडून. पिवळा शर्टही खांदा चोळत निघून गेला.

घरी गेल्यावर सासूबाईंनी विचारलं, "पडला ना?"

"पडला."

"खाली कुणी होतं?"

"नाही," वहिनी म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी तो तरुण दुकानात हजर. "डोळे तपासा. कालपासून अंधारून आलंय."

त्याने तक्त्यावरची सगळ्यात बारीक ओळही घडाघडा वाचली. वहिनी त्याला बाहेर उन्हात घेऊन गेल्या. प्रत्येकाच्या पायाशी काळीभोर सावली होती. त्याच्या पायाशी काहीच नव्हतं. छपराखाली उभ्या असलेल्या माणसाची पडत नाही, तशी त्याची सावली पडलीच नव्हती.

"डोळे ठीक आहेत तुमचे," त्या कशाबशा म्हणाल्या.

"मग हा आवाज कसला? वरून कुणीतरी खणतंय. मध्येच हाका मारतात."

वहिनींनी त्याचा हात घट्ट धरला. "मग ओ द्या. मोठ्यांदा ओ द्या त्यांना!"

तो आधी लाजला. मग भर पेठेत, वर तोंड करून, त्याने ओ दिली.