पावसासाठी टाकलेला पाइप

"ताई, आमच्या संडासातलं पाणी शेवटी जातं कुठे?"

भिंगरीनं हे विचारलं आणि नदीच्या काठावर आलेल्या अख्ख्या वर्गानं तोंडावर हात ठेवला. मैत्रिणींनी पैज लावली होती, नदीकाठी येणाऱ्या इंजिनिअर ताईंना हे विचारून दाखव, मग तुला मानलं. गेल्या वर्षापर्यंत फळ्यासमोर जायला जी घाबरायची, तीच ही मुलगी. हल्ली एका जागी ठरेल तर शपथ, म्हणून तर भिंगरी. मुलं खिदळली. मी मात्र लाजेनं आणखी काळा पडलो. कारण मित्रांनो, त्या प्रश्नाचं उत्तर त्यांच्या पायांखालीच, काठाच्या भिंतीतून तोंड बाहेर काढून बसलं होतं.

मी एक जुना पाइप आहे. सिमेंटचा, जाडजूड, तब्येतीनं खणखणीत. माझं तोंड नदीवर आणि शेपूट भिंगरीच्या इमारतीच्या अंगणात, त्यामुळे मला दोन्हीकडचं ऐकू येतं. हे सुख आहे असं समजू नका.

माझा जन्म एका कारखान्याच्या आवारात झाला. साच्यातून काढून मला ओल्या गोणपाटाखाली झोपवलं, का तर घाईनं वाळलेला पाइप लवकर तडकतो. मग आम्हा भावंडांना तोंडाला तोंड लावून जमिनीत उतरवलं, सांधे बुजवले आणि आम्हा सगळ्यांचा मिळून एकच 'मी' झाला.

माझं काम पावसाचं पाणी वाहणं. बस्स. गच्चीवर पडलेला थेंब अंगणात, अंगणातून माझ्यात आणि माझ्यातून नदीत. शेजारच्या इमारतींत गुडघाभर पाणी साचायचं तेव्हाही आमचं अंगण मोकळं असायचं. तळमजल्यावरच्या आजी म्हणायच्या, "गुणाचा गं बाई हा पाइप." त्या एका वाक्यावर मी कैक वर्षं फुगून होतो. माझ्या ओठावर खंड्या येऊन बसायचा. खाली मासे असायचे, म्हणून यायचा, पण मला वाटायचं माझ्यासाठीच येतो. पाइपालाही थोडा गर्व असतो.

मग ते दिवस आले. इमारतीची सांडपाण्याची वाहिनी सारखी तुंबू लागली. ती नीट करायची तर रस्ता खोदायचा, परवानगी काढायची आणि तोवर सगळ्या मजल्यांचे संडास बंद ठेवायचे. रोज कोणी ना कोणी भिंगरीच्या बाबांच्या दारात उभं. बाबा इमारतीच्या कमिटीचे सेक्रेटरी, म्हणजे शिव्या खाण्याचे हक्काचे मालक.

"साहेब, कशाला डोक्याला ताप?" प्लंबर अंगणात उकिडवा बसून म्हणाला. "हा पावसाचा पाइप हाताशी आहे. याला जोडून देतो, संध्याकाळपर्यंत सगळे खूश."

"पण हा तर नदीत जातो ना?"

"नदीत काय आज कमी आहे?"

बाबांनी इकडेतिकडे पाहिलं. "तात्पुरतं हं. नंतर बघू."

मित्रांनो, 'नंतर बघू' हा माणसांचा सगळ्यात पक्का सांधा आहे. तो कधी निखळत नाही.

त्या संध्याकाळी माझ्यात जे उतरलं ते मी सांगत नाही, तुम्ही जेवायचे असाल. हळूहळू माझ्या पोटाला काळा लगदा धरला. मासे गेले, मागोमाग खंड्या गेला. आजीही नाक मुरडून म्हणू लागल्या, "नदी म्हणजे नुसतं गटार झालंय बाई." मला वाटायचं, जमिनीत आणखी खोल जावं. पण मी आधीच जमिनीत होतो.

पुढे शहरानं नदी सुधारायला घेतली. सांडपाणी स्वच्छ करणारं मोठं केंद्र उभं राहिलं, काठावर झाडं लागली, फिरायला वाट झाली. भिंगरीची आई दर रविवारी हातमोजे घालून प्लास्टिक वेचायला येऊ लागली. नेमकी माझ्यासमोर उभी राहायची, नाकाला रुमाल बांधून.

"कुठल्या मेल्यांचं पाणी येतंय हे? लाजा कशा वाटत नाहीत?"

वाटायची हो. मला वाटायची.

भिंगरीच्या त्या प्रश्नावर ताई काही हसल्या नाहीत. म्हणाल्या, "बरोबर विचारलंस. केंद्र अर्धं रिकामं चालतं आणि नदी अजून घाण. म्हणजे घाण वाट चुकतेय. नदी म्हणजे फक्त हा समोरचा पट्टा नाही. जिथलं जिथलं पाणी इथे येतं, ते प्रत्येक घर, गल्ली, नाला तिचाच. बघायचंय कोणाचं काय येतं ते?" आणि त्यांनी पिशवीतून हिरव्या रंगाची बाटली काढली. कोणालाही अपाय न करणारा रंग. घरातल्या संडासात ओतायचा, वर पाणी सोडायचं आणि तो कुठे निघतो ते पाहायचं.

"आमचं घर सगळ्यात जवळ," भिंगरी म्हणाली. "पण आमच्याकडून काही येणार नाही हं. माझे बाबा सेक्रेटरी आहेत."

एका मैत्रिणीला घेऊन ती धावत गेली. थोड्याच वेळात वरून रंग आला.

मी सगळं बळ लावलं. सांध्यासांध्याला म्हटलं, धरून ठेव. पण पाइपाला तोंड मिटता येत नाही. पोपटाच्या पिसासारखी हिरवीगार धार माझ्या तोंडातून नदीत पडली. मुलांनी आधी टाळ्या वाजवल्या. मग ही धार कोणाच्या घरची ते एकेकाला उमगलं आणि टाळ्या विरल्या.

भिंगरी धापा टाकत परत आली. "बघा, नाही ना आला?"

शेवटी पैज लावणारी मैत्रीणच पुढे झाली. "भिंगरे, आला गं. पण आम्ही कुणाला सांगणार नाही. देवाशप्पथ."

त्या शपथेनं भिंगरीची मान खाली गेली. ताई हळूच म्हणाल्या, "आज मी तपासणीला नाही, तुमच्या वर्गासाठी आलेय. इमारतीनं आपण होऊन कळवलं तर रस्ता खोदायची परवानगी मीच मिळवून देईन. पण कळवायला हवं."

संध्याकाळी भिंगरी अंगणात, माझ्या झाकणाजवळ उभी राहिली. आईबाबा कामावरून आले आणि तिनं त्यांना तिथेच अडवलं.

"बाबा, तुम्हाला माहीत होतं?"

बाबांनी झाकणाकडे पाहिलं आणि नजर वळवली. "तात्पुरतं होतं ते. तुला कोणी सांगितलं होतं नाक खुपसायला?"

"नाक आई खुपसते. दर रविवारी, रुमाल बांधून."

आईला क्षणभर काही कळेना. मग कळलं. ती मटकन पायरीवर बसली. "म्हणजे मी इतके दिवस आपल्यालाच शिव्या घालत होते?"

"हळू बोला," बाबा म्हणाले. "अख्खी इमारत ऐकेल. खोदकाम काढलं तर लोक मला फाडून खातील. आणि सेक्रेटरीच्याच मुलीनं हे उकरलं म्हटल्यावर मी तोंड कुठे दाखवू?"

मित्रांनो, आम्हा पाइपांना मत नसतं, फक्त उतार असतो. तुम्ही जिकडे जोडाल तिकडे आम्ही वाहतो. म्हणून हात जोडून सांगतो, आम्हाला जोडताना आमच्या दुसऱ्या टोकाला काय आहे ते आधी बघून या. लाज वाटायला लागल्यावर उतार बदलत नाही. तो कोणाला तरी खणूनच बदलावा लागतो.

भिंगरी मात्र जागची हलली नाही.

"लाज मलाही वाटते बाबा. वर्गासमोर छाती काढून तुमचं नाव घेतलं मी. उद्या सकाळी मी ताईंना आपल्या इमारतीचं कळवणार आहे. आणि कमिटीच्या सभेत सगळ्यांसमोर तुम्ही बोललात तर मी तुमच्या शेजारी उभी राहीन. नाही बोललात, तर मी बोलेन. मान खाली घालून बोलेन, पण बोलणार."