मोहमऱ्याचा पत्ता

सारजाबाईंनी पत्र फाडायला लावलं ते रीतीला धरूनच. कुणी गेल्याचं पत्र उंबऱ्याच्या आत न्यायचं नसतं. बाहेरच वाचायचं, फाडायचं आणि अंगावर पाणी घ्यायचं. सासूबाईंनी शिकवलेलं त्यांनी कधी मोडलं नव्हतं. रोज पहाटे तळ्यातल्या सिद्धेश्वराचं दर्शन, घरी येऊन एकशेआठ वाती, मग तोंडात पाण्याचा घोट. चाळीस वर्षांत खाडा नाही.

पत्र होतं त्यांच्या लेकाचं, भीमाशंकरचं, इराणच्या मुलखातून. दोन वर्षं तो बसऱ्याला होता. आता तेलाच्या कंपनीने त्याला मोहमरा नावाच्या शहरी नेलं होतं. सोबतीला बाईंचा भाचा मानसिंग. शेजारच्या अण्णारावांनी ओट्यावर बसून पत्र वाचायला घेतलं आणि दुसऱ्याच ओळीला कागद खाली घेतला. मानसिंग तापाने गेला होता.

पुढचंही त्यांनी वाचलं. ‘कंपनी आणखी तीन वर्षांच्या करारावर सही मागते आहे, वैशाखी पुनवेपर्यंत. आई, मला आता एकट्याला करमत नाही. तू ये म्हणालीस तर येतो. पुनवेपर्यंत तुझं पत्र आलं नाही, तर राहायला तुझी ना नाही असं समजून सही करतो. नवा पत्ता वर इंग्रजीत घातला आहे.’

“पत्ता उतरून घेऊ का, अव्वा?”

“नगं. आदी फाडा. आत देवापुढं दिवा हाय.”

चार तुकडे झाले, चाराचे आठ झाले, आणि आंघोळीच्या पाण्याबरोबर गटारीने गेले.

तीन दिवस असेच रडण्यात गेले. चौथ्या दिवशी बाई म्हणाल्या, “अण्णाराव, ‘ये’ म्हणून लिवा.” त्यांनी कार्ड लिहिलं, उलटं केलं आणि हात थांबला. कंपनीचं नाव ध्यानात होतं. पण त्याचं खातं? कामगार नंबर? आणि मोहमरा इंग्रजीत लिहायचं कसं?

दोघं पोस्टात गेली. खिडकीतला कारकून मिश्कील होता.

“एम-ओ की एम-यू? मधे एम एक की दोन? शेवटी एच आहे का नाही?”

“मला काय ठावं, दादा? तुमी शिकल्याली माणसं.”

“शिकलेला माणूसच अडतो, बाई. अडाण्याला एकच मोहमरा, मला चार दिसतात! चुकीच्या गावी गेलं तर बेवारशी पत्रांत जाऊन पडेल. आणि गाव सापडलं तरी तिथं हजारो कामगार. खातं सांगा, नंबर सांगा.”

बाईंनी मान खाली घातली. पत्र आपणच फाडायला लावलं, हे सांगायला त्यांची जीभ रेटेना.

कुणीतरी म्हणालं, नाव अरबी आहे, मशिदीतल्या हाफिजसाहेबांना विचारा. म्हातारे हाफिजसाहेब ऐकून खूश झाले.

“मोहमरा नाही, बाई. मुहम्मरा! लाल झालेलं, असा मतलब. ‘ह’ हलक में से, घशातून आना. बोलो तुम.”

जन्मात सारजाबाईंचा आवाज घराच्या भिंतीपलीकडे गेला नव्हता. त्यांनी दोनदा प्रयत्न केला, नुसता ठसका लागला. हाफिजसाहेबांनी बोरूने कागदावर ते नाव असं काढून दिलं की बघत राहावं. “इंग्रजी मात्र मेरे को नहीं आती,” ते ओशाळून म्हणाले.

कारकुनाने तो कागद उलटसुलट पाहिला. या खेपेला तो हसला नाही. “सुरेख आहे हो. पण साहेबाच्या कंपनीत हे कोण वाचणार?”

शेवटी त्यानेच तोड काढली. तीन कार्डं, तीन तऱ्हांनी नाव. एखादं तरी लागेल. बाईंनी तिन्ही पेटीत सोडली.

पुनवेपर्यंत त्यांनी एकभुक्त धरलं. देवळात हात जोडून त्या आधी ‘मोहमरा’ म्हणत, मग घसा ताणून ‘मुहम्मरा’ म्हणत. यातलं कुठलं खरं ते देवाने बघावं. पुजारी एकदा म्हणाला, “खोकला झाला का, आज्जी?” त्यांनी नुसती मान हलवली.

पुनव झाली. ज्येष्ठात पत्र आलं. अण्णारावांनी आधी मनात वाचलं, वाईट नाही बघून मग मोठ्याने वाचलं.

‘तुझं पत्र आलं नाही, म्हणून सही केली. तुझा आशीर्वाद आहेच.’

अण्णाराव कोळसा घेऊन उठले आणि पत्रावरचा पत्ता आधी कपाटाच्या दारावर आतून उतरवला. लिहिता लिहिता थबकले.

“अव्वा, गावाचं नाव... आपल्या दुसऱ्या कार्डावर बरोब्बर असंच होतं की.”

“मग?”

“खातं नव्हतं. नंबर नव्हता.”

मग अण्णारावांनी कोरं कार्ड मांडीवर घेतलं. यावेळी पत्ता आधी लिहिला, एकेक अक्षर घोटून, आणि कार्ड उलटं केलं. “आता सांगा. ये म्हणून लिहू?”

“आता कसं म्हनू? सही केलीया त्यानं. ये म्हनलं तर लेकराचा जीव दोन्हीकडं वढंल.”

“मग काय लिहू?”

सारजाबाईंनी पदराने तोंड पुसलं.

“लिवा... हितं समदं बरं हाय.”