आबासाहेब माझ्या पोटातून बोलत

मित्रांनो, हल्ली मला सगळे जुना रेडिओ म्हणतात, आणि मला त्याचा राग येत नाही. माणसं तरी कुठं नवी राहतात? माझी लाकडी पेटी अजून खणखणीत आहे. पुढच्या कापडावर कोपऱ्यात एक डाग आहे, तो चहाचा. तो मी मिरवतो, कारण माझ्या उमेदीची वर्षं मी सोलापुरात, सात रस्त्यावरच्या एका चहाच्या हॉटेलात काढली आहेत.

जन्म म्हणाल तर समुद्रापलीकडचा. तिथल्या कारखान्यात माझ्या पोटात तारा जोडल्या, काचेचे दिवे बसवले आणि मला गवतात गुंडाळून बोटीत चढवलं. मुंबईच्या एका दुकानात मी गाणं म्हणत बसलो होतो, तेव्हा शरणप्पा नावाचा एक धिप्पाड माणूस दारात थबकला. तो आला होता हॉटेलासाठी कपबश्या घ्यायला. गाणं संपेपर्यंत तो हलला नाही, आणि कपबश्यांऐवजी मला घेऊन गाडीत बसला.

घरी त्याच्या आईनं, मल्लव्वानं, मला पुढून पाहिलं, मागून पाहिलं आणि कमरेवर हात ठेवले.

"कप कुटं हाईत रं शरण्या? आता गिऱ्हाइकाला ह्या पेटीत च्या वतून देतोस व्हय?"

पण दुसऱ्याच दिवशी छपरावर दोन बांबू उभे राहिले, त्यांच्यामध्ये तार ताणली गेली आणि सिद्धरामेश्वरांच्या तसबिरीखाली फळीवर मला जागा मिळाली. शरणप्पानं माझा कान पिळला. थोडी खरखर झाली आणि मी मुंबईचं बोलू लागलो. गिरणीची पाळी सुटलेले लोक रस्त्यातच उभे राहिले. त्या संध्याकाळी उरलेले कप पुरले नाहीत, म्हणून लोकांनी पेल्यातून चहा प्याला. मल्लव्वा पुन्हा कपांबद्दल बोलली नाही.

मी गाणी ऐकवली, बाजारभाव ऐकवले, पण माझं नाव झालं ते आबासाहेबांमुळे. आबासाहेब मूळचे माळशिरसकडचे. सोलापुरात शाळामास्तर म्हणून त्यांनी जन्म काढला होता. आवाज असा, की शेवटच्या बाकावरचा पोरगाही डुलकी घ्यायला धजत नसे. पेन्शनीत निघाल्यावर एका समारंभात ते बोलले, ते मुंबईच्या रेडिओवाल्यांपैकी कुणीतरी ऐकलं आणि त्यांना बोलावणं आलं. तेव्हापासून दर महिन्याला आबासाहेब रेल्वेनं मुंबईला जात आणि 'जुन्या वळणाच्या गोष्टी' सांगून परत येत.

जुनं वळण म्हणजे किती जुनं, ते ऐका. मनगटावर घड्याळ बांधू नये, त्यानं माणूस वेळेचा नोकर होतो. रबरी बूट घालू नयेत, पायाला जमीन कळेनाशी होते. भाकरी सोडून पाव खाणाऱ्याच्या पाठीला कणा राहत नाही. आणि बायकांनी हॉटेलची पायरी चढू नये. हॉटेलचीच नव्हे, हॉटेल ज्या रस्त्याला आहे त्या रस्त्याचीही! कुणी त्यांना विचारलं, "मास्तर, तुम्हाला नव्याचा एवढा तिटकारा, मग रेडिओवर कसे बोलता?" तर ते म्हणत, "विहिरीत पडलेल्याला काढायचं, तर विहिरीत उतरावं लागतं."

सगळ्यात मोठा दावा चहाशी. चहानं भूक मरते, झोप मरते आणि शेवटी माणूस मरतो, असं ते इतकं रंगवून सांगत, की ऐकताना लोकांना तलफ यायची. ज्या संध्याकाळी आबासाहेब चहाला शिव्या देत, त्या संध्याकाळी शरणप्पाकडे बसायला जागा मिळत नसे. लोक माना डोलवत, "आबांचं अगदी बरोबर हाय," म्हणत आणि बशी तोंडाला लावत. शरणप्पा तर म्हणायचा, "आबानी अजून धा वर्सं च्याला शिव्या द्याव्यात."

मुंबईहून परतले, की आबासाहेब सकाळी हॉटेलापाशी येत. आत कधीच नाही. पायरीखाली उभे राहून छत्री टेकत आणि विचारत, "आवाज कसा आला?" त्यांनी स्वतःचा रेडिओवरचा आवाज कधी ऐकलेला नव्हता. "लई गाजलं आबा," असं कुणी म्हटलं, की त्यांची मिशी हळूच वर चढे. तेवढ्यासाठीच तर ते येत.

एकदा शरणप्पा म्हणाला, "आबा, घरात एक रेडिओ घ्या की ओ. काकूस्नी तरी ऐकू येईल."

"घरात? देवघराशेजारी परक्यांचे आवाज? आज भाषण, उद्या तमाशा! आणि तिला काय ऐकायचंय? रोज ऐकतेच की मला."

आतून मल्लव्वाचा आवाज आला. "रोज काय ऐकती बिचारी? 'पाणी दे' आन् 'पंचा कुठाय'!"

आबासाहेबांनी ते ऐकू न आल्यासारखं केलं आणि छत्री उचलली.

काकू म्हणजे त्यांच्या पत्नी, बजाबाई. त्यांची आणि मल्लव्वाची मंगळवारच्या बाजारात भेट व्हायची, आणि तिथलं सगळं मल्लव्वा संध्याकाळी माझ्यासमोर बसून शरणप्पाला सांगायची. म्हणून मला ठाऊक. आबासाहेब प्रत्येक भाषणात घरचे दाखले द्यायचे. आमच्या घरी पहाटे जातं फिरतं, आमच्या घरी शिळं कुणी खात नाही, आमच्या घरचं पिठलं असं असतं. त्यामुळं बाजारात बायका बजाबाईंना गाठून चिडवायच्या, "काय वो, तुमच्या पिठल्याचा वास मुंबईपतूर गेला म्हनं!" त्या हसून वेळ मारून नेत. पण एकदा मल्लव्वाजवळ त्यांचा बांध फुटला. "मल्लव्वा, साऱ्या गावानं ऐकलं त्यास्नी. भाजीवाल्यानं ऐकलं, टांगेवाल्यानं ऐकलं. मी तेवढी न्हाय. कसं बोलत्यात गं ते?"

मल्लव्वानं हे सांगितलं, तेव्हा मला फार चुटपुट लागली. ज्या आवाजासाठी एक बाई झुरत होती, तो माझ्या पोटात येऊन जात होता आणि मी तो भजी खाणाऱ्यांना वाटत होतो.

वर्षं गेली, आणि आबासाहेबांचे पुढचे दात पडले. आता 'शहाणपण' म्हटलं, की शब्दातून शिटी निघायची. मुंबईवाल्यांनी अदबीनं सुचवलं, की कवळी बसवून घ्या. आबासाहेब म्हणाले, "बनावट दातांनी खरं बोलता येत नाही." झालं. ज्या हट्टानं त्यांना नाव दिलं, त्याच हट्टानं त्यांना घरी बसवलं. मुंबईवाल्यांनी मानानं एक शेवटचं भाषण ठरवलं.

त्या दिवशी अमावास्या होती. माझी बॅटरी भरून देणारं गॅरेज बंद. त्यात दुपारभर एक वऱ्हाड हॉटेलात उतरलेलं, त्यांनी माझ्याकडून गाणी म्हणवून घेतली. मला नाही म्हणता येत नाही, हा आम्हा रेडिओंचा स्वभावच. संध्याकाळपर्यंत माझ्या पोटातले दिवे मिणमिणू लागले.

आणि नेमक्या त्याच संध्याकाळी मागच्या गल्लीतलं दार वाजलं. बजाबाई आल्या होत्या. मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं, पण बोलण्यावरून ओळखलं.

"मल्लव्वा, आज शेवटचं हाय. आज न्हाय ऐकलं तर जलमात न्हाय."

"बा यव्वा, बा," मल्लव्वा म्हणाली. कानडीत 'बा' म्हणजे ये. "हितं चुलीपाशी बस. भिंतीपल्याडनं ऐकू येतंय."

एरवी आलंही असतं. त्या दिवशी माझा आवाज फळीवरून खाली उतरेना. आबासाहेबांचं भाषण सुरू झालं होतं आणि समोरच्या बाकावरचे लोकसुद्धा कानाला हात लावून वाकले होते. तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारात बजाबाई दिसल्या. डोक्यावर पदर, पदराचा काठ मुठीत. हॉटेलभर पुरुष बसलेले. त्यांच्या एका बाजूला नवऱ्याचा हुकूम होता आणि दुसऱ्या बाजूला नवऱ्याचा आवाज.

माझ्याजवळच्या बाकावरचा टांगेवाला उठला आणि बाजूला सरकला. "आओ अम्मा, इधर बैठो. आबा का आवाज इधरीच अच्छा आता."

बजाबाईंनी उंबरा ओलांडला आणि त्या माझ्यासमोर येऊन बसल्या. शरणप्पानं फुरफुरणारा स्टोव्ह बंद केला. लोकांनी कप खाली ठेवले, तेही आवाज न करता. मित्रांनो, त्या हॉटेलात एवढी शांतता मी त्याआधी कधी ऐकली नव्हती. मनात म्हटलं, आता माझी लाज राख रे सिद्धरामा, एवढं भाषण पुरं होऊ दे.

आबासाहेबांनी आधी कवळीची टर उडवली. मग जरा थांबले. शिट्या मारणाऱ्या त्या आवाजात ते म्हणाले, "आमच्या घरी असं, आमच्या घरी तसं, हे तुम्ही माझ्याकडून पुष्कळ ऐकलंत. पहाटे उठावं, हे मी सांगितलं. पण मला उठवत होतं कोण? ताजी भाकरी खावी, हे मी सांगितलं. ती थापत होतं कोण? माझं सारं शहाणपण एका माणसाच्या कष्टावर उभं होतं. बायकोचं नाव चारचौघांत घेऊ नये, यावर मी एक अख्खं भाषण दिलंय. आज ते मोडतो. आमच्या घरी रेडिओ नाही, ती हे ऐकत नाही, म्हणूनच धीर होतोय."

आणि लग्नातल्या नवरदेवासारखा त्यांनी घसा खाकरला.

"माळशिरसच्या रानाला नीरेच्या कालव्याचं पाणी,
बजाबाईंनी घर सांभाळलं, म्हणून गाजली माझी वाणी."

एवढं बोलून होतं न होतं, तोच माझे दिवे विझले. पण नाव पोचलं होतं. माझ्या सगळ्या आयुष्यात मला एवढं समाधान पुन्हा मिळालं नाही.

सगळ्यांच्या माना बजाबाईंकडे वळल्या होत्या. त्यांनी पदरानं डोळे टिपले, मग नाक, आणि मग एकदम हसल्या. "आता म्हनत्यात! म्होरं जेवायला बसत्यात तवा मिठाची गुळनी धरल्यावानी गप!"

हॉटेल खदखदून हसलं. मल्लव्वानं त्यांच्यापुढं चहा ठेवला. बजाबाईंनी कपाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, चहा बशीत ओतला आणि फुंकर घालून प्याल्या. "ह्येच का ते? ह्येच्यासाटी एवढं बोलत व्हते? बेस लागतंय की!" हसता हसता बशी हिंदकळली आणि एक शिंतोडा माझ्या कापडावर उडाला. तोच हा डाग.

दुसऱ्या दिवशी सकाळी आबासाहेब नेहमीसारखे पायरीखाली येऊन उभे राहिले. "आवाज कसा आला?"

बाकावरचे सगळे आपापल्या कपात बघू लागले. शरणप्पा म्हणाला, "बॅटरी उतरली होती आबा. पर शेवटपतूर ऐकू आलं."

"शेवटपर्यंत? सगळ्यांना?"

"सगळ्यास्नी. काकूस्नी बी."

आबासाहेबांची छत्री हातातून निसटली. ती त्यांनी उचलली, आणि एवढ्या वर्षांत पहिल्यांदा पायरी चढून दारात आले. वर्गात चुगली करणाऱ्या पोराकडे बघावं तसं त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "चहाडखोर डबा!" ते म्हणाले आणि निघून गेले. पण ते घराच्या दिशेनं गेले, आणि भरभर गेले, हे मी फळीवरून पाहिलं.

पुढं शरणप्पानं विजेवर चालणारा मोठा रेडिओ आणला. थोडे दिवस मी कांद्याच्या पोत्यावर पडून होतो. उंदरांनी माझी एक तार कुरतडली, कोळ्यांनी पोटात बिऱ्हाड केलं. अडगळीत गेल्यावर कुणाचंही मन खट्टू होतं, माझंही झालं. मग एके दिवशी बजाबाई हातगाडी घेऊन आल्या, त्यांनी माझी तार जोडून घेतली आणि त्या मला घरी घेऊन गेल्या. आबासाहेब पुष्कळ कुरकुरले. "ठिवा हितं," बजाबाई म्हणाल्या, आणि मी तिथं राहिलो. त्या रोज मला कोरड्या फडक्यानं पुसतात. आबासाहेब माझ्यापुढं बसून मुंबईच्या नव्या वक्त्यांचे दोष काढतात.

मित्रांनो, तुमच्याही घरात एखादं जुनं यंत्र असेल. त्याची धूळ पुसा, कान जोरात पिळू नका, उंदरांपासून जपा. पण त्याहून आधी एक करा. घरातल्या ज्या माणसाला तुमचा आवाज ऐकायचा आहे, त्याच्याशी समोर बसून बोला. माझी बॅटरी प्रत्येक वेळी नावापर्यंत पुरेलच, असं नाही.

महिन्यातली ती ठरलेली संध्याकाळ आली, की आबासाहेबांना अजून करमत नाही. कोट घालून, फेटा बांधून ते नुसते येरझारा घालतात. पहिल्या वेळी बजाबाईंनीच माझा कान पिळून मला बंद केलं आणि माझ्यासमोर पाटावर बसल्या. "बोला की. मी हाय न्हवं?" तेव्हापासून दर महिन्याला आबासाहेब माझ्याशेजारी उभे राहून भाषण करतात आणि मी त्यांच्या बाजूला मुकाट्यानं ऐकतो. कालचा विषय पुन्हा चहा होता. भूक मरते इथपर्यंत ते आले, आणि बजाबाईंनी हात वर केला.

"थांबा जरा. ते खोटं हाय. मी पिऊन बगितलाय."

"अगं, भाषणात मध्ये बोलू नये," आबासाहेब चिडून म्हणाले. "रेडिओवर कुणी मध्ये बोलतं का?"

"ही मुंबई न्हाय," बजाबाई म्हणाल्या. "हितं दोनी बाजूंनी ऐकू येतंय."