बुडबुड्याची बाजू

मित्रांनो, मी एक जुनं वाळूचं घड्याळ आहे. मला काटे नाहीत, आकडे नाहीत, आणि किती वाजले असं विचारलंत तर मी सांगू शकणार नाही. एका माणसाने एका दमात किती वेळ बोलावं, एवढंच मला कळतं. त्या एका कामावर मी सोळा वर्षं काढली आहेत. त्यातली चार वर्षं खणात गेली. ती का गेली, तेच आज तुम्हाला सांगायचं आहे. माझी वाळू तिच्या चालीनेच पडते, तेव्हा घाई करू नका.

माझा जन्म बाटल्यांच्या कारखान्यात झाला. तिथे एक मोठी भट्टी होती. काचेची भट्टी एकदा पेटवली की वर्षानुवर्षं विझवत नाहीत. विझली तर आतली काच विटांना धरून थिजते आणि अख्खी भट्टी कामातून जाते. त्या भट्टीवरच्या मुख्य कारागिराला सगळा कारखाना दादा म्हणायचा. बाटल्या यंत्रावर होत, पण दादांना नळीने काच फुंकायची जुनी विद्याही येत होती. एका दुपारी जेवणाच्या सुट्टीत त्यांनी मला फुंकलं. कच्च्या मालाच्या ढिगातली मूठभर वाळू चाळून माझ्या पोटात भरली. म्हणजे माझी काच आणि माझी वाळू एकाच ढिगातली, सख्खी भावंडंच म्हणा ना. बाटल्यांच्या खोक्याच्या फळ्या कापून त्यांनी मला वर-खाली दोन चकत्या बसवल्या.

पण घाईत माझ्यात एक खोट राहिली. माझ्या एका फुग्यात हरभऱ्याएवढा बुडबुडा अडकला आणि मानही जरा वाकडी झाली. साध्या बाजूने उभं केलं तर माझी वाळू अडीच मिनिटांत संपते. बुडबुड्याची बाजू वर केली तर दहा सेकंद जास्त लागतात. दादांनी दोनदा मोजून पाहिलं आणि म्हणाले, "असू दे. माणसं तरी कुठं सरळ असतात!"

दादांची धाकटी बहीण वकील होती. देशादेशांमध्ये व्यापारावरून तंटे होतात ना, कोणी कोणाच्या मालावर किती कर बसवायचा, कोणाचा माल अडवायचा, त्या कायद्यात तिचा हातखंडा होता. रेडिओवाल्यांनी तिला सकाळच्या कार्यक्रमात बोलायला बोलावलं, तेव्हा दादा मला वर्तमानपत्रात गुंडाळून तिच्या घरी घेऊन गेले.

"हे घे टकळे," ते म्हणाले. लहानपणी तिच्या तोंडाची टकळी बंद व्हायची नाही म्हणून त्यांनी हे नाव ठेवलं होतं. "वाळू संपली की गप्प बसायचं. लोकांना कामं असतात."

"आणि कोर्टात?" वकीलबाईंनी हसून विचारलं.

"कोर्टात जज आहे की गप्प करायला!"

वकीलबाईंनी मला नुसतं वेळ मोजायला वापरलं नाही. त्यांनी एक रीत पाडली. त्या रेडिओ केंद्रात टेबलावर मला साध्या बाजूने उभं करत, आणि वाळू पडेपर्यंत आपल्या देशाचं म्हणणं सांगत. मग मला उलटं करत आणि समोरच्या देशाचं म्हणणं तितक्याच नेटाने मांडत. बुडबुड्याची लांबलेली बाजू त्यांनी मुद्दाम समोरच्यासाठी ठेवली होती. "जे ऐकायला आपल्याला आवडत नाही, त्याला दहा सेकंद जास्त द्यायला हवेत," असं त्या म्हणत. टेबल कडक होतं आणि माझ्या चकत्या लाकडी, त्यामुळे दर वेळी 'टक्' असा आवाज व्हायचा. ध्वनियंत्रावरच्या माणसाने खाली कापड घाला म्हणून कटकट केली. पण सूत्रसंचालक म्हणाले, "राहू द्या हो, त्या आवाजानेच लोकांना कळतं की आता बाजू बदलली."

खरोखरच लोकांना माझी ओळख झाली. एका शिक्षिकेने पत्र पाठवलं होतं, की दुसरी टक् ऐकू आली की मी वर्ग शांत करते. एका श्रोत्याने लिहिलं, की या बाई परक्या देशाची वकिली करतात, त्यांना घरी बसवा. वकीलबाईंनी दोन्ही पत्रं टेबलाच्या काचेखाली शेजारी शेजारी ठेवली. मी मात्र पहिल्या पत्राने फुशारून गेलो होतो. खोटं कशाला बोलू?

सात-आठ वर्षं अशी सुखात गेली. मग एक तंटा थेट माझ्या जन्मगावच्या दारात, म्हणजे त्या भट्टीच्या दारात आला.

शेजारच्या देशातून काचेच्या बाटल्या येऊ लागल्या, त्यांच्या स्वतःच्या बाजारातल्या भावापेक्षाही स्वस्त. आपले कारखाने तोट्यात गेले. सरकारने त्या बाटल्यांवर जादा कर बसवला आणि दादांच्या भट्टीला श्वास घ्यायला जागा मिळाली. पण त्या देशाने तक्रार केली, की हा कर नियमाला धरून नाही. प्रकरण तीन पंचांपुढे गेलं. पंचांनी कर उडवला तर भट्टी टिकणार नाही, हे सगळ्यांना दिसत होतं.

त्याच सुमारास मालकांनी कामगारांपुढे दुसरा मार्ग ठेवला. भट्टीच्या विटा तशाही बदलायला आल्या होत्या. चार महिने काम बंद ठेवून, भट्टी नव्याने बांधून औषधांच्या कुप्या करायच्या. घेणारी कंपनी तयार होती. दोनशे बारा माणसांपैकी एकही कमी होणार नव्हता, पण सगळ्यांना नवं काम पहिल्यापासून शिकावं लागणार होतं आणि चार महिने अर्ध्या पगारावर काढावे लागणार होते. कर टिकणार असेल तर हे कशाला, असं पुष्कळांना वाटत होतं. शुक्रवारी हात वर करून निर्णय व्हायचा होता. गुरुवारी सकाळी वकीलबाई याच तंट्यावर रेडिओवर बोलणार होत्या.

बुधवारी दादा घरी आले. मी टेबलावरच होतो. चहा पुढ्यात निवत होता आणि ते कपाची कड नखाने खरवडत होते.

"टकळे, खरं सांग, आपण जिंकणार ना?"

"आपली बाजू चांगली आहे," वकीलबाई म्हणाल्या. "पण एक दुखरी जागा आहे. बाटल्यांचा खप प्लॅस्टिकमुळेही घटलाय. तो तोटा किती आणि बाहेरच्या मालामुळे झालेला किती, हे सरकारने वेगळं करून दाखवलंच नाही. पंच नेमकं तिथंच बोट ठेवतील."

दादांनी कप बाजूला सारला. मग म्हणाले, "हे उद्या नको सांगूस."

"दादा, अरे—"

"सगळी भट्टी ऐकणार आहे तुला. चौतीस वर्षं झाली मला त्या भट्टीपुढे. या वयात मी कुप्या करायला शिकू? माणसं आधीच घाबरलीयेत गं. जरा धीर दे त्यांना. एकदाच. ते घड्याळ उलटं करू नकोस, बास."

ज्या भावाने हात धरून शाळेत नेलं, ज्याच्या पगारावर वकिलीची पुस्तकं आली, तो आयुष्यात पहिल्यांदा काही मागत होता. वकीलबाई 'हो' म्हणाल्या नाहीत. पण 'नाही'सुद्धा म्हणाल्या नाहीत.

गुरुवारी त्यांनी मला साध्या बाजूने ठेवलं. टक्. त्या फार छान बोलल्या. इतक्या ठाम मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. माझी वाळू संपली. सूत्रसंचालकांनी माझ्याकडे पाहिलं आणि सवयीने विचारलं, "आणि आता समोरची बाजू?"

वकीलबाईंचा हात माझ्यावर आला. मला वाटलं, आता उचलतील. पण तो हात तसाच राहिला.

"आज त्याची गरज नाही," त्या म्हणाल्या.

मित्रांनो, मी ओरडू शकत नाही. पोटात नुसती वाळू असली की काय करणार! आपला भाऊ त्याच भट्टीवर आहे, हेही त्या बोलल्या नाहीत. मला त्यांचा राग आला आणि त्यांची दयाही आली.

पुढचं सगळं मला वहिनींच्या, म्हणजे दादांच्या बायकोच्या, तोंडून कळलं. त्या सकाळी कामगारांनी रेडिओ भट्टीजवळ आणून ठेवला होता. एकच टक् ऐकल्यावर कोणीतरी ओरडलं, "बघा! बाईंना दुसरी बाजू सापडतच नाही!" शुक्रवारी बहुतेक सगळे हात बाटल्यांसाठी वर गेले. सगळ्यात आधी दादांचा गेला. कुप्या घेणारी कंपनी दुसऱ्या कारखान्याकडे निघून गेली.

सात महिन्यांनी निकाल आला. पंचांनी बोट नेमकं त्याच जागेवर ठेवलं होतं. कर मागे घ्यावा लागला आणि पुढच्या पावसाळ्याआधी कारखाना बंद झाला.

वहिनी एका संध्याकाळी आल्या. बसा म्हटलं तरी बसल्या नाहीत. एरवी त्या नणंदेला 'अगं' म्हणत. त्या दिवशी म्हणाल्या, "तुमचं घड्याळ एकदाच वाजलं, म्हणून यांनी हात वर केला. भट्टी थंड होताना विटा तडकत होत्या. हे दोन दिवस तिथंच उभे होते, तो आवाज ऐकत. जेवायलासुद्धा आले नाहीत."

वकीलबाईंनी मान खाली घातली. दादांनीच तसं मागितलं होतं, हे त्यांनी वहिनींना सांगितलं नाही. वहिनी गेल्यावर त्यांनी मला उचललं आणि टेबलाच्या सगळ्यात खालच्या खणात, जुन्या लिफाफ्यांखाली ठेवलं. रेडिओचे फोन येत राहिले. प्रत्येक वेळी त्या म्हणत, "दुसऱ्या कोणाला तरी विचारा."

खणात दमट होतं. लाकडाच्या फटींतून माझ्यात ओल शिरली आणि वाळू गोळा होऊन बसली. चकत्यांना बुरशी आली. ज्याचा एवढा बोलबाला झाला होता, त्याची विचारपूस करायला झुरळाशिवाय कोणी नव्हतं. पण मला त्याहून वाईट याचं वाटायचं, की वर खोलीत कोणी बोलतच नव्हतं. चार वर्षांत दादा एकदाही त्या घरात आले नाहीत.

मग एका दुपारी ते आले. आवाजावरून मी ओळखलं. ते आता खिडक्यांच्या काचा कापून देणाऱ्या दुकानात कामाला होते.

"दुकानात दिवसभर रेडिओ चालू असतो," ते उभ्या उभ्याच म्हणाले. "परवा पोलादाच्या करावर कोण कोण बोलत होतं. सगळे एकाच सुरात. ऐकून ऐकून कान किटले माझे. ते घड्याळ कुठंय?"

खण उघडला. एवढ्या उजेडाने मी दिपूनच गेलो. दादांनी मला हातात घेतलं, हलवून पाहिलं. वाळू हलेना. "काय हाल केलेस गं याचे," ते पुटपुटले. मग खुर्चीत बसले, मला दोन्ही तळव्यांत धरून ऊब देत राहिले आणि बोटाने हळूहळू टिचक्या मारत राहिले. त्या तळव्यांवरचे भाजल्याचे जुने डाग मला ओळखीचे होते. बऱ्याच वेळाने माझ्या आतला गोळा फुटला.

त्यांनी बुडबुड्याची बाजू वर करून मला टेबलावर ठेवलं. टक्.

"बोल," ते म्हणाले. "त्या दिवशी जे बोलली नाहीस ते."

वकीलबाई आधी रडल्या. त्यात माझी अर्धी वाळू गेली. दादांनी मला पुन्हा पहिल्यापासून लावलं आणि थांबले. मग त्या बोलल्या. प्लॅस्टिकचं, न मांडलेल्या आकड्यांचं, पंच काय म्हणतील त्याचं, सगळं. दादांनी शेवटच्या कणापर्यंत ऐकून घेतलं.

"अडीच मिनिटंच तर होती," ते म्हणाले.

"दहा सेकंद जास्त," वकीलबाई म्हणाल्या.

"मीच तुला गप्प केलं, टकळे. आणि चार वर्षं बायकोलाही सांगितलं नाही की मीच केलं. काल सांगितलं."

निघताना दादांनी माझ्या चकत्या रुमालाने पुसल्या.

पुढच्या आठवड्यात वकीलबाई रेडिओवर गेल्या. पोलादावर बोलण्याआधी त्यांनी बाटल्यांचं सांगितलं. "माझा भाऊ त्या भट्टीवर होता, हे मी लपवलं. मला समोरची बाजू माहीत होती, आणि गरज नाही असं मी खोटं बोलले. दोनशे बारा घरांची मी अपराधी आहे." एवढं बोलून त्यांनी मला उभं केलं. त्या दिवशी मी दोनदा वाजलो. काही लोकांनी त्यांना माफ केलं, काहींनी नाही केलं. भट्टी काही पुन्हा पेटली नाही. तिथे आता नुसतं धुराडं उभं आहे, असं म्हणतात. दादा मात्र दुकानात माझी पहिली टक् ऐकली की काच कापायचं हत्यार खाली ठेवतात आणि दुसरी ऐकल्याशिवाय उचलत नाहीत. हे वहिनी सांगतात. त्या आता पुन्हा 'अगं' म्हणतात.

मित्रांनो, माझ्यासारखं एखादं जुनं घड्याळ तुमच्या घरी असेल, तर त्याला दमट खणात कोंडू नका. अधूनमधून पुसा, उलटं करा, त्याची वाळू वाहती राहू द्या. आणि कोणी तुमच्या मनासारखं, फार ठामपणे बोलत असेल, तर टक् एकदा झाली की दोनदा, तेवढं कान देऊन ऐका. एकदाच झाली असेल, तर हात वर करण्याआधी दुसरी मागून घ्या. ज्याला तुम्ही आपला मानता, त्याच्याकडून तर आधी मागा.