चार बोटांचा दाब

फ्लोरेंतिना मावशीला तिच्या लामा जनावरांच्या कळपासकट उंच पठारावर राहायचं होतं आणि डॉक्टर हुस्तिनियानोला तिला खाली सांताक्रूझला मुलाकडे धाडायचं होतं. निकाल लागायचा होता तिच्या फुफ्फुसांवर. चढ चढताना तिला धाप लागायची, म्हणून ती आमच्या एल आल्तोच्या प्रयोगशाळेत सायकलवर बसली होती. मानेतल्या शिरेतून घातलेली बारीक नळी हृदयातून फुफ्फुसाच्या रक्तवाहिनीपर्यंत गेली होती. सायकल जागची हलत नव्हती. पायडल मारायचे, की नळी रक्ताचा दाब सांगणार आणि मिनिटाला किती लिटर रक्त वाहतंय तेही सांगणार.

"वाहतं रक्त वाढताना दर लिटरमागे दाब तीनपेक्षा जास्त चढला, तर इथली विरळ हवा हिला झेपत नाही," हुस्तिनियानो म्हणाला. तो सखल भागातला. त्याला आमची हवा कधीच झेपली नव्हती, म्हणून ती कुणालाच झेपू नये असं त्याला वाटे.

"तुमच्या गावी उकाड्यात लामा काय, मीच वितळेन," मावशी म्हणाली.

डॉक्टर नातिविदाद चोकेवांका हसली. मावशी बसलेलीच होती, तेव्हा चाचणी घेणाऱ्या नातिविदादने तिच्या बरगडीवर हृदयाच्या उंचीला पेनाने खूण केली, नळीला जोडलेली दाब मोजणारी डबी बरोबर त्या खुणेसमोर स्टँडला अडकवली आणि आकडा टिपला. दाब पाऱ्याचे सतरा मिलिमीटर, रक्त पाच लिटर. झकास.

"पोरी, हे लोखंड बर्फासारखं गार आहे गं."

आमच्याकडे बाईमाणसाला गार लोखंडावर कुणी बसू देत नाही. कंबरेत गारठा शिरला की जन्मभर निघत नाही, हे नातिविदाद डॉक्टर व्हायच्या आधीपासून जाणत होती. तिने मावशीचं पाठीवर बांधायचं जाड विणलेलं कापड, आग्वायो, घडीवर घडी घालून उशीएवढं केलं आणि तिच्या खाली सायकलच्या सीटवर घातलं. मावशी सुखावली आणि पायडल मारू लागली.

रक्त अकरा लिटरवर गेलं. दाब एकोणचाळीस.

"सहा लिटरमागे बावीस," हुस्तिनियानोने लगेच हिशेब सांगितला. "साडेतीनच्या वर. संपलं. जनावरं विकून टाका, बाई."

मावशीने पाय थांबवले. तिने वाद घातला नाही, हेच नातिविदादला सोसवेना. जिभेवर तलवार घेऊन हिंडणारी बाई एकाएकी म्हातारी दिसू लागली. नातिविदाद नळी काढायला वाकली आणि तिची नजर बरगडीवरच्या खुणेवर गेली. डबी जिथल्या तिथे होती. खूण मात्र डबीच्या वर, चांगली चार बोटं वर.

गच्चीवरची पाण्याची टाकी जितकी उंच, तितका खालच्या नळाला जोर. बाई वर सरकली, डबी खालीच राहिली. नसलेला दाब दिसला, आणि तो दाखवणारी ती स्वतःच होती.

तिला गप्प बसता आलं असतं. हुस्तिनियानो वर्षभर तिच्या चुकांची वाटच बघत होता.

"डॉक्टर, चूक माझी आहे. मी मावशीच्या खाली घडी घातली आणि डबी वर घ्यायला विसरले. आठ सेंटिमीटर. म्हणजे पाऱ्याचे सहा मिलिमीटर फुकटचे."

"वाहवा! घोंगडीने बिघडवलेला प्रयोग. विद्यार्थ्यांना सांगेन मी," तो म्हणाला. "पण वजाबाकी करून मला गुंडाळू नकोस. पुन्हा चालवायला लाव. जमेल तिला?"

"तिला काय विचारता, मला विचारा," मावशी म्हणाली. "माझे पाय माझ्याकडेच आहेत."

अर्धा तास विसावा झाला. नातिविदादने घडी काढली नाही, लोखंड अजून गारच होतं. तिने डबी चार बोटं वर घेतली, खुणेशी जुळवली आणि दोनदा तपासली. बसल्याजागी पुन्हा सतरा आणि पाच.

मावशीने या खेपेला दात-ओठ खाऊन पायडल मारले. एकावर एक घातलेले घागरे सळसळले, वेण्या पाठीवर आपटू लागल्या. रक्त नऊ लिटर. अकरा. बारा!

"दाब?" हुस्तिनियानोने विचारलं.

"चौतीस."

त्याने कागदावर मांडलं, खोडलं, परत मांडलं. सात लिटरमागे सतरा. अडीचच्याही आत.

"फुफ्फुसं ठणठणीत आहेत," तो अखेर म्हणाला. माणूस हट्टी खरा, पण आकड्यांशी बेइमान नव्हता. "धाप रक्तातलं हिमोग्लोबिन कमी असल्यामुळे लागत असणार, ते तपासू. राहा इथे."

नातिविदादला रडू फुटलं आणि तिने ते लपवलं नाही. पायडल मात्र फिरतच होते.

"मावशी, झालं! थांबा आता!"

"त्याला नीट बघू दे. परत शंका नको." आणखी दहा-वीस फेरे मारून मावशी थांबली. घाम पुसला आणि मान पुढे केली. "काढ आता ही दोरी. माझी जनावरं सकाळपासून कोंडलेली आहेत, आणि त्यांना चरायला मलाच न्यायचंय."