दहा मिनिटांनी या

“काका, बारा गुणिले पंधरा किती हो?”

भाऊसाहेबांनी टायपिंग थांबवून मान वर केली. टेबलापलीकडे पहिल्या वर्षाची शिकाऊ डॉक्टर उभी होती. हातात केसपेपर, कानावर पेन आणि पायांत दोन वेगवेगळ्या चपला.

“एकशेऐंशी.”

“मलाही तेवढंच आलं. फोनवरही तेवढंच येतंय. पण खात्रीच वाटेना.” ती हसायला गेली, पण हसू ओठांपर्यंत पोचलंच नाही. “आकडे हलतात हो डोळ्यांसमोर.”

भाऊसाहेब हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. लहान मुलांच्या विभागाच्या कार्यालयात सव्वीस वर्षं कारकुनी केल्यावर ते त्यांना चिकटलं होतं. आता घरी बायकोही चेष्टेनं तेच म्हणायची. त्यांचं टेबल लिफ्ट आणि स्वच्छतागृह यांच्या मधोमध होतं. “माझ्यासमोरून कुणी सुटत नाही,” ते म्हणायचे, “एक तर वर जायचं असतं, नाहीतर मोकळं व्हायचं असतं.” दरवर्षी नवे शिकाऊ डॉक्टर यायचे. पहिल्या आठवड्यात त्यांच्या कोटाला इस्त्री असायची. तिसऱ्या महिन्यात कोट चुरगळायचे आणि गाल बसायचे. चौथ्या वर्षी तीच मंडळी गाडी घेऊन निरोपाला यायची. मधल्या काळात त्यांचं काय होतं, हे भाऊसाहेबांनी कधी विचारलं नव्हतं. कारकुनानं ते विचारायचं असतं, असं त्यांना कुणी सांगितलंही नव्हतं.

ही पोरगी मात्र दुसऱ्या दिवशी पुन्हा आली. तिसऱ्या दिवशीही. गुणाकार नाहीतर भागाकार असायचा. वॉर्डात विचारलं तर वरच्या वर्षाचे हसतात, एवढंच ती म्हणाली होती. भाऊसाहेबांनी तिच्यासाठी पाठकोऱ्या कागदांचा एक गठ्ठा बाजूला काढून ठेवला. ते कागदावर हिशोब मांडायचे, खाली बरोबरची खूण करायचे. ती खूण पाहून तिचे खांदे जरासे खाली यायचे आणि ती निघून जायची.

एकदा तिनं वडिलांच्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी चार दिवसांच्या रजेचा अर्ज दिला आणि तासाभरानं तो परत मागायला आली.

“का हो? मंजूर होईल की.”

“दोघं जण सोडून गेलेत, काका. सहा जणांचं काम आम्ही चौघं करतोय. मी गेले तर तिघांवर पडेल.” तिनं अर्ज घेतला, त्यावरची तारीख पाहिली. “आज वार कोणता?”

“गुरुवार.”

“मी सोमवार धरून चालले होते.”

“जेवलात का?”

“हो.”

“काय होतं डब्यात?”

साधा प्रश्न, पण ती विचारात पडली. लिफ्ट एकदा खाली जाऊन वर आली, तरी ती आठवतच होती. मग हळू आवाजात म्हणाली, “आठवत नाही.”

त्या संध्याकाळी त्यांनी घरी हे सांगितलं. बायको निवडायच्या तांदळाचं ताट बाजूला सारून म्हणाली, “तुम्ही कुणाला तरी सांगा.”

“मी कुणाला सांगू? मी कारकून.”

“कारकुनाला तोंड नसतं का?”

म्हणून दुसऱ्या दिवशी सह्यांचे कागद घेऊन ते विभागप्रमुखांच्या खोलीत गेले. सगळे त्यांना मोठे सर म्हणत. सह्या झाल्या तरी भाऊसाहेब हलेनात, तेव्हा मोठ्या सरांनी चष्म्यावरून पाहिलं.

“सर, त्या पहिल्या वर्षाच्या मॅडम… त्यांची तब्येत बरी दिसत नाही. वार आठवत नाहीत. जेवलेलं आठवत नाही.”

“काही तक्रार केलीय तिनं?”

“नाही.”

“मग? अहो भाऊसाहेब, आम्ही तीन तीन दिवस उभे राहिलोय. भिंतीला टेकून झोपलोय. डॉक्टर असाच तयार होतो. आणि काही अडचण असेल तर मार्गदर्शक भेटी आहेतच की त्यासाठी.”

भाऊसाहेबांच्या जिभेवर एक वाक्य आलं होतं. ते त्यांनी गिळलं आणि फाइल उचलून ते बाहेर आले.

कारण त्या भेटींचं काय होतं, हे त्या इमारतीत त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. दर तीन महिन्यांनी प्रत्येक शिकाऊ डॉक्टराशी अर्धा तास एकट्यानं बोलायचं, त्याला काय जड जातंय ते विचारायचं आणि तक्त्यात लिहायचं, असा नियम होता. नऊ वर्षांपूर्वी मोठे सर म्हणाले होते, “यंदा वेळ नाही, तुम्ही भरून टाका.” भाऊसाहेबांनी भरून टाकलं. अडचणींच्या रकान्यात ‘नाहीत’, प्रगतीच्या रकान्यात ‘समाधानकारक’. सरांनी सही केली. पुढच्या खेपेला सांगावंही लागलं नाही.

आणि मग तो मंगळवार आला.

दुपारी एक वाजता तपासणी पथक येणार होतं. सकाळी कळलं, की दोन तिमाह्यांचे तक्ते भरायचेच राहिलेत. भाऊसाहेब कॉम्प्युटरला चिकटले. साडेअकराच्या सुमारास ती समोर आली. आदल्या दिवशी सकाळपासून ती घरी गेली नव्हती, हे त्यांना नंतर कळलं. तेव्हा त्यांनी तिच्याकडे धड पाहिलंही नाही.

“काका, एवढा एक भागाकार…”

“आत्ता नको हो. पथक येतंय. दहा मिनिटांनी या.”

“बरं.”

ती गेली. भाऊसाहेबांच्या समोरच्या पडद्यावर तेव्हा तिचंच नाव होतं. अडचणी: नाहीत.

बाराला दहा कमी असताना वॉर्डातून धावपळीचा आवाज आला. तीन वर्षांच्या एका मुलाला औषध दसपट गेलं होतं. दशांश चिन्ह एक घर सरकलं होतं. सिस्टरच्या लक्षात आलं म्हणून निम्म्यावर थांबवलं, तरी पोराचा श्वास मंदावला. चार दिवस ते यंत्रावर होतं. चारही दिवस ती पोरगी अतिदक्षता विभागाच्या दाराशी उभी होती. मुलाच्या आईला तिनं स्वतःच जाऊन सांगितलं होतं, चूक माझी आहे म्हणून. आईनं तोंड फिरवलं होतं. दुसऱ्या दिवशी मात्र तिनं आपलं स्टूल पायानंच जरासं पोरीकडे सरकवलं. पोरगी त्यावर बसली नाही.

पाचव्या दिवशी मुलानं डोळे उघडले आणि पाणी मागितलं. पोर वाचलं. मग चौकशी लागली.

चौकशी समितीत बाहेरच्या विभागांतले तिघं होते. अध्यक्ष एक वयस्कर मॅडम. मोठे सर त्यांच्याशेजारी बसले होते आणि पोरगी समोर. भाऊसाहेबांना फक्त फाइल आणून ठेवायची होती. त्यांनी ती ठेवली. मोठ्या सरांनी तक्ते उघडून दाखवले. “बघा, प्रत्येक भेटीत विचारलंय. एकदाही काही बोललेली नाही. न सांगता आम्हाला कसं कळणार?”

पोरगी मान खाली घालून ऐकत होती.

भाऊसाहेब दारापर्यंत गेले आणि परत फिरले.

“मॅडम, या भेटी झालेल्याच नाहीत.”

अध्यक्ष मॅडमनी तक्ते स्वतःकडे ओढले.

“हे सगळं मी लिहितो. सर सही करतात. नऊ वर्षं झाली.” एकदा सुटलेलं तोंड आता थांबेना. “यांना काय होतंय ते मी बघत होतो. वार कळत नव्हता यांना. आकडे दिसत नव्हते. रोज माझ्याकडे येऊन गुणाकार तपासून घ्यायच्या. त्या दिवशीही आल्या होत्या. मीच परत पाठवलं.”

अध्यक्ष मॅडमचं पेन थांबलं. “म्हणजे औषधाचे हिशोब या तुमच्याकडून तपासून घेत होत्या? कारकुनाकडून?”

“नुसते गुणाकार, मॅडम.”

“केसपेपर हातात असायचा?”

भाऊसाहेबांना आपण काय करून बसलो ते तेव्हा कळलं. “मी पेशंटचं नाव कधी वाचलं नाही,” ते म्हणाले. मॅडम लिहू लागल्या आणि बराच वेळ लिहीत राहिल्या. मग म्हणाल्या, “तक्त्यांचा विषय प्रशासकीय आहे. तो वेगळा पाहू.”

भाऊसाहेबांनी तिला परत पाठवल्याचं मात्र कुणीच लिहून घेतलं नाही.

बाहेर बाकावर ती बसली होती. भाऊसाहेब तिच्यासमोर उभे राहिले.

“मी बरं करायला गेलो आणि…”

“खरं तेच बोललात ना, काका.” तिचा आवाज अगदी सपाट होता. “त्या दिवशी मी थांबायला हवं होतं. दहा मिनिटं काही फार नव्हती.”

यापेक्षा तिनं दोन शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं, असं ते पुढे बायकोला म्हणाले.

आठ दिवसांनी निकाल आला. दोन ठपके. एक चुकीच्या मात्रेचा, दुसरा रुग्णाची कागदपत्रं बाहेरच्या माणसाला दाखवल्याचा. स्वतःहून अभ्यासक्रम सोडला तर नोंद पुढे जाणार नाही, असं तिला तोंडी सांगण्यात आलं. भाऊसाहेबांची बदली तळघरातल्या जुन्या कागदांच्या खोलीत झाली. तक्त्यांचा विषय ज्या दिवशी ‘वेगळा पाहायचा’ होता, तो दिवस उजाडलाच नाही. नव्या कारकुनाला तिमाही तक्त्यांचं काम समजावून द्या, असं पत्र तेवढं आलं.

तिचे वडील तिला न्यायला आले. शिंपीकाम करणारा माणूस, अंगात स्वतः शिवलेला कोट, एका डोळ्याला हिरवी पट्टी. ऑपरेशन होऊन थोडेच दिवस झाले होते. मोठ्या सरांना एकदा भेटायचं, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. सकाळी दहाला ते बाकावर बसले. भाऊसाहेब तळघरातून वर येऊन त्यांच्याशेजारी बसले. दोन वाजता शिपायानं सांगितलं, सर दुसऱ्या जिन्यानं गेले.

“आमच्या घरात कुणी डॉक्टर झालेलं नाही,” वडील म्हणाले. “त्यामुळे आम्हाला काही समजलंच नाही हो. फोनवर कमी बोलायला लागली, तर म्हटलं कामात असेल. हिची आई शेजारणींना सांगायची, पोरगी एवढी मोठी झालीय की बोलायला फुरसत नाही.” थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, “तुम्ही इथे जवळ होतात. तुम्हाला तरी काही दिसलं होतं का?”

“दिसलं होतं,” भाऊसाहेब म्हणाले.

वडिलांनी मान हलवली.

पुस्तकांची खोकी जड होती. एक भाऊसाहेबांनी उचललं, एक वडिलांनी. बसथांबा जवळच होता. खोकी वर चढवून झाली, आणि भाऊसाहेब खाली येऊन खिडकीजवळ उभे राहिले. तिला सांगण्यासारखं काहीतरी त्यांनी दोन दिवसांपासून मनात जुळवून ठेवलं होतं. पण तेवढ्यात ती झोपलीसुद्धा होती. तोंड किंचित उघडं, कपाळ काचेला टेकलेलं. गाडी सुरू व्हायला अजून वेळ होता आणि समोरच्या सीटवर दोन बायका मोठमोठ्यानं बोलत होत्या, तरी ती हलली नाही.

ड्रायव्हर आला. इंजिन घरघरलं तशी काच थरथरू लागली. वडिलांनी तिला उठवलं नाही. त्यांनी आपला हात लांबवला आणि तळवा हळूच तिच्या कपाळाच्या आणि काचेच्या मध्ये सरकवला. गाडी वळून रस्त्याला लागेपर्यंत तो हात तिथेच होता.