दात मूळ धरतोय

आधी लाऊडस्पीकर ऐका, म्हणजे गर्दी आपोआप दिसेल.

"झिजलेले दात, तुटलेले दात, किडलेले दात! कोरणं नाही, सुई नाही, रक्त नाही! श्रीनाथ महाराज शंखातून तेज सोडतात आणि दात उगवतो! मायबहिणींनो, ढकलाढकल नको. चपला बाहेर. मोबाईल बंद. तेज सुटलं की डोळे मिटा. उघडे ठेवलेत आणि दृष्टी गेली तर मंडळ जबाबदार नाही!"

चोपडे गावी नदीकाठी, एरवी होड्या पालथ्या घालतात त्या जागेवर मांडव. तीनशे माणसं असतील. त्यात बायकाच जास्त, आणि त्याला कारण आहे. इथल्या बायका जाळी सांधतात. दोन्ही हात गाठीत गुंतलेले असतात, मग नायलॉनचा दोरा तोडायचा कशाने? कातर शोधायची तर गाठ सुटते. दात तोंडातच असतो. करकच! दिवसाला शंभर वेळा करकच. चाळिशीत पुढच्या दातांना खाचा पडतात, पन्नाशीत नुसते खुंट उरतात.

मालतीबाईंचे खुंटच होते. खालचे मधले दोन तर आतून काळे, पोकळ. नवरा गेल्यापासून त्या हसल्या नव्हत्या असं लोक म्हणत. खरं म्हणजे त्या हसत, पण पदराआड.

त्या शनिवारी त्या स्टुलावर बसल्या. महाराजांनी भगव्या काचांचा चष्मा चढवला, काळी डबी किलकिली केली. "प्रसाद उजेडाला रुसतो," असं म्हणून बोटभर पांढरा लगदा काढला आणि झटकन झाकण लावलं. लगदा वरच्या-खालच्या खुंटांवर बसवला, कुलेराच्या, म्हणजे चमच्याच्या, दांडीने आकार दिला. मग शंख तोंडाशी नेला.

"डोळे मिटा!"

निळं निळं तेज. टण्! घंटा. पुन्हा तेज. टण्! घंटा वाजवायचा मान मालतीबाईंच्या मुलाचा, सगुणचा. महाराजांनी त्याला बजावलं होतं: शंखातून देवाचा बारीक हुंकार येईल, तो आला की त्याच क्षणी टोल दे.

मग आरसा. मालतीबाई आरशात बघत राहिल्या. दात होते. पांढरे, सरळ, लग्नातल्या फोटोसारखे.

मांडव उठून उभा राहिला.

०

रविवारी मुलगी आली. दीपा. साखळी गावात डॉक्टर सुविधांच्या दातांच्या दवाखान्यात अकरा वर्षं मदतनीस. येताना पोदेराच्या भट्टीतले गरम उंडे, गोल पाव, आणले होते. दारातच आईने पदर बाजूला केला.

"बघ गो चेडवा! तुझ्या डॉक्टरणीक जमला असता?"

दीपाच्या हातातली पिशवी तशीच राहिली. हिरडीजवळची कड जाड, चकाकी तिच्या रोजच्या ओळखीची. असे दात ती दिवसाला तीन-चार बघते.

"आधी कोरल्यानी? आतला काळा काढल्यानी?"

"पाण्याचो थेंबसुद्धा नाय मारल्यानी. तोच तर चमत्कार!"

"दुखता?"

"दुखू कशाक? बघ, उंडो खातंय." आणि मालतीबाईंनी उंडा पुढच्या दातांनी तोडला, खदखदून हसल्या. शेजारणीला दाखवायला खिडकीत, जनेलापाशी गेल्या. तिथूनही हसण्याचा आवाज आला.

दीपा बोलणार होती. जीभ वळवळत होती. पण वीस वर्षांत पहिल्यांदा ते हसू तिने उघडं पाहिलं होतं. एक दिवस हसू दे, म्हणाली मनाशी. पुढच्या रविवारी सांगते.

०

एक कागद, जो त्या रविवारी लिहायला हवा होता:

नाव: मालती. वय: अठ्ठावन्न. साखर (मधुमेह): आहे, गोळ्या चालू. तक्रार: नाही. तपासणी: खालच्या दोन दातांत मुळापर्यंत सड. पू आजवर पोकळीतून वाट काढत होता. ती वाट आता वरून बंद केली आहे. उपाय: आजच उघडणे.

लिहिला नाही.

०

गुरुवार, सकाळी. सगुणचा फोन.

"ताये, आईची हनुवटी सुजली. काल बारीक होती, आज गळ्यापर्यंत इली."

"ताप?"

"आसा. पण भियाचा नाय. महाराज म्हणतत, दात मूळ धरताहा. झाड मूळ धरताना जमीन फुगता, तशी."

"साखरेच्यो गोळ्यो घेता ना?"





"नवो दात म्हणजे नवी काया, जुनी औषधां नकोत, असा सांगल्यानी. सोमवारपासून बंद केल्यान. आज दुपारी तिका मांडवात आणूक सांगल्यानी. दुसरा तेज देतले."

"गिळता येता तिका?"

"लाळ गळता थोडी."

डॉक्टर सुविधांनी ऐकलं आणि हातातलं काम थांबवलं. "जीभ वर उचलली जात असेल. दीपा, श्वास कोंडेल. आत्ताच्या आत्ता रुग्णवाहिका बोलव."

"ती बसायची नाही, डॉक्टर. देवाचा दात सोडून ती यायची नाही."

डॉक्टर उठल्या. मग कपाटातून निळ्या उजेडाचा दिवा आणि दात भरायच्या लगद्याची एक नळी काढून तिच्या हातात दिली. "गाडी आधी. पटवायचं नंतर."

०

दीपा पोचली तेव्हा मालतीबाई पहिल्या रांगेत होत्या. गळा आणि हनुवटी यांत फरक उरला नव्हता. तोंड दोन बोटंसुद्धा उघडत नव्हतं. त्या महाराजांकडे बघत होत्या, श्रद्धेने.

"आई, चल. गाडी येता."

मालतीबाईंनी मान हलवली. नाही.

"माउली, कन्येचं मन कच्चं आहे," महाराज माईकवर म्हणाले. "अंकुर फुटताना बीजाला वेदना होतात. त्या वेदनेला जे डॉक्टरकडे नेतात ते अंकुर खुडतात!"

मांडव "जय!" म्हणाला.

दीपा स्टेजवर चढली. नैवेद्याच्या ढिगातला एक सोललेला नारळ उचलला. तीन डोळ्यांचा, करड्या तोंडाचा.

"महाराज, मी पण एक दात देतंय. ह्या नारळाक. सगळ्यांनी डोळे उघडे ठेवा. दिव्यात सरळ बघू नका, बाकी काय होणा नाय."

कुणीतरी फिदकन हसलं. तिने नळीतून लगदा करवंटीवर काढला, नखाने आकार दिला. दिवा टेकवला. निळं निळं तेज.

दहा सेकंद. दिवा बारीक आवाजात बोलला: पीप.

टण्!

घंटा सगुणने वाजवली होती. कुणी सांगितलं नव्हतं. हाताला सवय. तो हातातल्या दांडीकडे बघत राहिला, मग दीपाच्या दिव्याकडे, मग शंखाकडे.



"तोच हुंकार," सगुण म्हणाला. "ताये, तोच आसा."

दीपाने नारळ उंच धरला. तिसऱ्या डोळ्याखाली पांढरा, टणक दात. नखाने वाजवून दाखवला.

"नारळान कसली पुण्याई केल्यान, सांगा. हो प्लॅस्टिक आणि काचेच्या भुकटीचो लगदो. निळो उजेड पडलो की दगड होता. सादो उजेडसुद्धा त्याका हळूहळू घट्ट करता, म्हणून डबी काळी. त्या उजेडान डोळे दिपतत, म्हणून चष्मो भगवो. आणि तुम्ही डोळे मिटलात की शंखातलो दिवो दिसणा नाय."

"यंत्राचा दात वेगळा, देवाचा दात वेगळा!" महाराज.

"मग शंख द्या माझ्या भावाकडे."

महाराजांनी शंख छातीशी धरला. सगुणने तो हिसकला. आत हात घातला. बाहेर आला तो बोटाएवढा दिवा, वायरसकट.

मग जे झालं ते गर्दीचंच झालं. खुर्च्या, शिव्या, फाटलेला मांडव. महाराज होडीतून पलीकडे गेले. पुढे पोलिसांनी पकडले तेव्हा कळलं, हा गृहस्थ पूर्वी दातांच्या दवाखान्यांना सामान पोचवत असे. दीपाने त्यातलं काही पाहिलं नाही. ती आईसमोर उकिडवी बसली होती.

"आई, दवाखान्यातसुद्धा हाच लगदो वापरतत. लगदो वायट नाय. पण आधी कुसलेला, सडलेला काढूचा लागता. त्यान सड आत ठेवून वर झाकण घातल्यान. आता चल."

मालतीबाईंनी नारळाकडे पाहिलं. मग हात पुढे केला, उठव म्हणून.

रुग्णवाहिका रस्त्यावर उभी होती.

०

मोठ्या इस्पितळात डॉक्टरांनी गळा उघडला, श्वासाला नळी घातली, पू काढला. पण विष रक्तात उतरलं होतं आणि साखर चार दिवस मोकाट होती. शनिवारी पहाटे मालतीबाई गेल्या.

दुपारी अंगणात आंघोळ घालताना शेजारची कमलाक्षी ओणवली. हळूच म्हणाली, "बघ गो. माणूस गेला, पण वरचे दात बघ कसे चमकतत. काय म्हणा, कायतरी होता त्या हातात."

दोघी-तिघींनी माना हलवल्या.

दीपाने तांब्या खाली ठेवला.

"ते चमकतत, कारण प्लॅस्टिक कुसणा नाय. खाली आई कुसत होती." ती ओरडली नाही. आवाज दवाखान्यात पेशंटला सांगताना असतो तसाच होता. "माका रविवारीच दिसला होता. ती हसली आणि मी गप बसलंय. महाराजान झाकण घातल्यान, मी ता चार दिवस तसाच ठेवलंय. कमलाक्षी, कोणी चालू औषध बंद करूक सांगल्यान तर कारण विचारा. दात दिल्यान तर आधी काय साफ केल्यान ता विचारा. आणि ज्याका कळता त्याणा गप रवू नये. तुमच्यात किती जणींनी घेतलो हो दात?"



कमलाक्षीचा हात सावकाश स्वतःच्या ओठांवर गेला आणि तिथेच राहिला. त्या हाताआडून तिने विचारलं,

"सोमवारी तुमचो दवाखानो किती वाजता उघडता?"